छताकडे बघणारे विद्यार्थी

४ ऑक्टोबरला विभागप्रमुखांनी बोलावून घेतलं. "शेवटच्या वर्षाची अंतर्गत परीक्षा या वेळी ऑनलाइन घ्यायची आहे. मुलं वेगवेगळ्या ठिकाणी पोस्टिंगवर आहेत, सगळ्यांना एकत्र आणता येणार नाही. आणि नुसते एमसीक्यू नकोत. पेशंट समोर आल्यावर ही मुलं विचार कसा करतात, ते तपासायचंय. तुम्ही बघाल ना मॅडम?" मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि काम केवढं आहे याची कल्पनाही नव्हती.

परीक्षा मार्चमध्ये झाली, निकाल एप्रिलमध्ये लागला. मध्ये सहा महिने गेले. कुणावर हे काम नव्याने पडलं असेल तर थोडा अंदाज यावा म्हणून घडलं तसं लिहितेय.

पहिले दोन आठवडे मी चुकीच्या प्रश्नात घालवले. कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं, कॅमेरे किती, कॉपी कशी पकडायची, एवढंच डोक्यात. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सहज विचारलं, "पण तुम्ही मार्क नेमके कशाचे देणार?" उत्तर नव्हतं. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर मूल बसलेलं असतं तेव्हा 'याला जमतंय' हे आपल्याला आतून कळतं आणि आपण मार्क देऊन मोकळे होतो. ते 'आतून कळणं' कागदावर उतरवायची वेळ कधी आलीच नव्हती.

मग वाचायला घेतलं. १९७८ साली एल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर विचार कसा करतात याचा अभ्यास मांडला. त्यातला एक निष्कर्ष मला सगळ्यात उपयोगी पडला: एका केसमध्ये उत्तम विचार करणारा दुसऱ्या केसमध्ये तसाच विचार करेल याची खात्री नसते. विचार हे वेगळं सुटं कौशल्य नाही, ते त्या त्या आजाराच्या माहितीत गुंतलेलं असतं. म्हणजे एका लाँग केसवरून, एकाच पेशंटच्या लांबलचक तपासणीवरून, कुणाला हुशार किंवा ढ ठरवणं हा जुगार आहे. एक तासाची एक केस घेण्यापेक्षा पाच-सहा मिनिटांच्या बारा केस घ्या. हार्डन यांनी १९७५मध्ये ओएससीई मांडली, म्हणजे विद्यार्थी एकेका स्टेशनवर जाऊन एकेक छोटं काम करतो ती प्रात्यक्षिक परीक्षा. तीही अशीच, अनेक छोट्या स्टेशनांची. इतकी वर्षं ओएससीई घेतेय, पण स्टेशनं अनेक का असावी लागतात ते मला आत्ता नीट कळलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आराखडा ठरला. एक भाग लेखी केसचा, 'की फीचर' पद्धतीने. दुसरा व्हिडिओवर, नकली पेशंटसोबत. तिसरा 'स्क्रिप्ट कॉन्कॉर्डन्स'. हा तिसरा पुढे गळाला, त्याची गंमत नंतर सांगते.

आणि परवानगीचा अर्ज. फॉर्ममध्ये 'परीक्षा केंद्राचा पूर्ण पत्ता' हा रकाना सक्तीचा होता. मी 'ऑनलाइन' लिहिलं. नऊ दिवसांनी अर्ज परत आला, 'पत्ता अपूर्ण' असा शेरा मारून. मग आमच्या संगणक कक्षाचा पत्ता टाकला आणि सोबत टीप जोडली की विद्यार्थी तिथे नसतील. पुन्हा परत: 'केंद्रावर विद्यार्थी नसल्यास आसनव्यवस्था कशी दाखवणार?' शेवटी मी स्वतः जाऊन बसले आणि ८४ विद्यार्थ्यांच्या नावापुढे आसन क्रमांकाच्या जागी लॉगिन क्रमांक लिहिलेली यादी दिली. ती चालली. यात २३ दिवस गेले. तेव्हा पहिला सल्ला हा: अर्ज आधी टाका आणि केस नंतर लिहा. रेकॉर्डिंगची लेखी संमती, ते कोण बघणार, किती दिवस ठेवणार आणि कधी पुसणार, हे त्याच अर्जात घाला. आम्ही ते वेगळं पाठवलं आणि आणखी बारा दिवस घालवले.

डिसेंबर केस लिहिण्यात गेला. की फीचर पद्धत बोर्डाज आणि पेज यांनी रुजवली. तिचं मूळ साधं आहे: प्रत्येक केसमध्ये एक-दोन जागा अशा असतात की तिथे चुकलं तर पेशंट हातचा जातो. मार्क फक्त त्या जागांना. बाकी सगळं कुणालाही येतं, ते विचारून वेळ घालवायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण लिहिताना घाम फुटतो. माझी पहिली केस अशी होती. चौतीस वर्षांची बाई, बाळंतपणाला दहा दिवस झालेले, सकाळपासून अचानक दम लागतोय. नाडी ११८, ऑक्सिजन ९१ टक्के, छाती ऐकायला स्वच्छ, एक्स-रेत काही नाही. पहिल्या टप्प्यात विचारायचं: आणखी कोणत्या तीन गोष्टी विचाराल किंवा तपासाल? उजवी पोटरी सुजली आहे (पायाच्या शिरेत गुठळी, म्हणजे डीव्हीटी, असल्याची खूण), ही माहिती विचारणाऱ्यालाच मिळणार. दुसऱ्या टप्प्यात: मनात काय आहे, आणि ते कशामुळे? तिसऱ्यात: आत्ता, पुढच्या तासाभरात काय कराल? पुढच्या टप्प्यावर गेलं की मागे येता येत नाही. हे कुलूप फार महत्त्वाचं, कारण तिसरा टप्पा वाचून पहिलं उत्तर सुधारता आलं तर तपासायला उरतं काय?

मी ही केस अभिमानाने सहकाऱ्यांना दाखवली. त्यांनी पहिलं वाक्य शोधयंत्रात टाकलं. 'बाळंतपणानंतर अचानक दम' एवढ्यावर फुप्फुसातली गुठळी पहिल्या ओळीत आली. मी खट्टू झाले. मग लक्षात आलं की नाव शोधायला लागतात दहा सेकंद, पण 'एक्स-रे स्वच्छ असूनही तुम्ही न्यूमोनियाऐवजी हेच का धरलंत आणि याच्या विरोधात काय जातंय' हे शोधून मिळत नाही. तिथून नियम ठरला: निदानाला कमीत कमी मार्क, कारणांना जास्तीत जास्त. आणि पुस्तक उघडं. औषधाचा डोस बघायचाय? बघा. वॉर्डातही बघताच.

मी २२ केस लिहिल्या, तपासणीत १४ टिकल्या. १२ वापरल्या, दोन राखीव ठेवल्या. लिहिणं, दुसऱ्याकडून तपासून घेणं, पुन्हा लिहिणं धरून एका केसला साधारण पाच तास. पैशांत खर्च फारसा नाही. व्हिडिओची आणि प्रश्नपत्रिकेची प्रणाली कॉलेजकडे आधीपासून होती. खर्च होतो तो रविवारांचा.

जानेवारीत स्क्रिप्ट कॉन्कॉर्डन्सचं पॅनल बसवलं. माँट्रियलच्या शार्लां आणि सहकाऱ्यांची ही पद्धत. विद्यार्थ्याला एक परिस्थिती देतात, एक अंदाज देतात, मग एक नवी माहिती देतात आणि विचारतात: आता तो अंदाज बळावला की ढिला पडला? उणे दोन ते अधिक दोन. बरोबर उत्तर एकच असं नाही. तज्ज्ञांच्या पॅनलमध्ये ज्या उत्तराला सर्वांत जास्त मतं, त्याला पूर्ण गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात.

आमच्या पॅनलवर पंधरा जण. एक प्रश्न असा: तरुण मुलगा, उजवीकडे खाली पोटात दुखतंय, तुमच्या मनात अपेंडिक्स. मग कळतं की उलट्या आधी सुरू झाल्या आणि दुखणं नंतर. आठ जणांनी उणे एक दिला, चौघांनी उणे दोन, दोघांनी शून्य, आणि एका सरांनी चक्क अधिक एक. म्हणजे उणे एकला पूर्ण गुण, उणे दोनला अर्धा, शून्याला पाव आणि अधिक एकला एक अष्टमांश. सर्जन मंडळी म्हणाली, हा क्रम उलटला की अपेंडिक्सवरचा संशय निम्मा कमी करायचा, आम्ही हेच शिकवतो. मेडिसिनवाले म्हणाले, पेशंटला क्रम धड सांगता येतो का? पाऊण तास हा वाद चालला. त्या पाऊण तासात मी जे शिकले ते वर्षभरात शिकले नसते, आणि पोरांना हा वाद ऐकवायला हवा होता असं राहून राहून वाटलं.

फेब्रुवारीत तीस इंटर्नवर रंगीत तालीम केली. त्यात आमच्या एका सहकाऱ्याने गुपचूप एक उत्तरपत्रिका भरली: साठच्या साठ प्रश्नांना शून्य. एकही प्रश्न न वाचता. त्याला मिळालेले गुण इंटर्नच्या सरासरीच्या जेमतेम खाली होते. या पद्धतीवर हा आक्षेप आधीच घेतला गेलाय, हे मी वाचलं होतं. पण आपल्याच घरात बघितल्यावर पटलं. टोकाची उत्तरं टाळून मधे रेंगाळणाऱ्याला बक्षीस मिळत असेल तर त्यावर कुणाला पास-नापास करणं मला जमणार नव्हतं. तिसरा भाग मार्कांतून काढला. प्रश्न ठेवले, पण शिकवायला.

त्याच तालमीत दुसरा धक्का बसला. देखरेखीची प्रणाली विद्यार्थ्याची नजर स्क्रीनवरून हटली की लाल खूण करते. तीसपैकी एकोणीस जणांना लाल खुणा! मी घाबरून रेकॉर्डिंग लावली. एक मुलगी केस वाचते, पेन ओठांवर टेकवते, आणि वर छताकडे बघते. सहा सेकंद. मग खाली बघून लिहायला लागते. दुसरा खिडकीकडे बघतो. तिसरा डोळे मिटतो. कॉपी एकाचीही नव्हती. माणूस विचार करतो तेव्हा असाच दिसतो, आणि आम्ही नेमक्या त्याच क्षणाला संशयित ठरवत होतो. ती नजरेची सोय मी त्याच दिवशी बंद करायला लावली. परीक्षा विभागाला लेखी कारण द्यावं लागलं. पुस्तक उघडं आहे, टप्प्यांना कुलूप आहे, केसचा क्रम प्रत्येकाला वेगळा आहे आणि वेळ मोजका आहे, एवढी चार कारणं दिली. चार दिवसांनी मंजुरी आली.

आता परीक्षकांबद्दल. आम्हा सहा जणांना एकच रेकॉर्डिंग दाखवलं आणि दहापैकी मार्क द्यायला सांगितले. तीनपासून नऊपर्यंत सगळे आकडे आले. नऊ देणाऱ्या सरांना विचारलं, तर म्हणाले, "निदान बरोबर आहे की." तीन देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "हो, पण कसं आलं ते त्याला सांगता आलं नाही." दोघंही खरंच बोलत होते. मग चार गोष्टी ठरवल्या आणि प्रत्येकीचं उदाहरण लिहून ठेवलं. पेशंट एका वाक्यात मांडता येतो का. शक्यता क्रमाने लावता येतात का, आणि त्यात न चुकवण्याजोगी एखादी आहे का. प्रत्येकीच्या बाजूने आणि विरुद्ध काय आहे. पुढचं पाऊल काय आणि त्याचा निकाल उलटा आला तर काय. पहिल्या मुद्द्याचं उदाहरण असं: 'बासष्ट वर्षांचे गृहस्थ, गुडघा दुखतो, ताप आहे, मधुमेह आहे, काल रात्रीपासून' ही नुसती यादी झाली. 'मधुमेही, वयस्कर, एकाच मोठ्या सांध्याला अचानक सूज आणि ताप' हा विचार झाला. 'अचानक', 'एकाच', 'मोठ्या' हे शब्द आले की समजायचं, मुलाच्या डोक्यात खण पडायला लागलेत. दुसऱ्यांदा तेच रेकॉर्डिंग पाहिलं तेव्हा मार्क चार ते सहात आले. या बसण्याला दोन संध्याकाळी लागल्या. ह्या वाचवू नका.

लेखी भाग १० मार्चला झाला. बाहत्तर मिनिटं, बारा केस. तीन जणांचं कनेक्शन गेलं. नियम आधी कळवला होता: सर्व्हरवरची वेळ धरणार, गेलेला वेळ परत मिळणार, दहा मिनिटांपेक्षा जास्त गेला तर राखीव केस. त्यामुळे कुणी रडलं नाही. ज्यांच्याकडे फक्त फोन होता किंवा घरात शांत कोपरा नव्हता अशा अकरा जणांना आधीच विचारून, ते होते तिथल्या रुग्णालयातच खोली मिळवून दिली होती. हे विचारताना सगळ्या वर्गासमोर हात वर करायला लावू नका. साधा फॉर्म पाठवा. आमच्या ग्रुपवर विचारल्यावर दोघांनीच सांगितलं होतं, फॉर्मवर अकरा निघाले.

व्हिडिओचा भाग १३ आणि १४ मार्चला, प्रत्येकाला दोन स्टेशनं, एकेक पंधरा मिनिटांचं. आठ मिनिटं पेशंटशी बोलणं, पाच मिनिटं परीक्षकाशी, दोन मिनिटं मार्क भरायला. स्क्रीनवरून पोटाला हात लावता येत नाही, हे उघड आहे. मुलांनी काय तपासायचं ते बोलून सांगायचं आणि मगच त्या तपासणीचा निकाल मिळायचा. 'पूर्ण तपासणी करेन' म्हटलं की काहीच द्यायचं नाही. एका मुलाने तीनदा 'जनरल आणि सिस्टेमिक एक्झामिनेशन' म्हटलं, पेशंट बनलेल्या बाई तीनदा गप्प राहिल्या, आणि मग तो हसून म्हणाला, "बरं. मानेच्या शिरा बघतो. कारण हार्टचं काही आहे का ते बघायचंय." तिथून त्याची गाडी रुळावर आली.

पहिल्या दिवशीची एक केस 'पोटात वर जळजळतंय, घाम येतोय' अशी होती. आत दडलेला हृदयविकाराचा झटका, ईसीजीत लीड टू, थ्री आणि एव्हीएफमध्ये बदल, म्हणजे हृदयाच्या खालच्या भागाचा झटका. अशा वेळी हृदयाच्या उजव्या भागालाही धक्का असेल तर नायट्रेट या औषधाने रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून चांगल्या मुलांनी ते देण्याआधी उजव्या बाजूच्या लीड मागितल्या. ही केस रात्रीत ग्रुपवर फिरणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. म्हणून दुसऱ्या दिवशी तक्रार तीच ठेवली, आजार बदलला: अल्सर फुटलेला. पाच-सहा जणांनी पहिल्या मिनिटातच ईसीजी मागितला. तो मागणं चूक नव्हतंच. पण तो नॉर्मल आल्यावर त्यातल्या दोघांच्या चेहऱ्यावर जे आलं ते रेकॉर्डिंगमध्ये आहे. एकजण सावरला, त्याने पोट तपासायला मागितलं आणि 'लाकडासारखं कडक' हे ऐकून सरळ सर्जनला बोलावलं. दुसरा आठ मिनिटं ट्रोपोनिनच्या, म्हणजे झटक्याच्या रक्ततपासणीच्या, मागे धावत राहिला.

माझीही चूक सांगायला हवी. दुसऱ्या स्टेशनवर एक मुलगी बोलता बोलता थांबली. समोरासमोर असती तर मला तिचा हात दिसला असता, कागदावर फिरणारा पेन दिसला असता. इथे फक्त चेहरा, तोही स्तब्ध. मला वाटलं नेटवर्क गेलं. मी दोनदा म्हटलं, "हॅलो? आवाज येतोय का?" ती दचकली. "येतोय मॅडम. मी विचार करत होते." मग तिला दुवा परत सापडेना. मी तिला वाढीव मिनिट दिलं आणि अहवालात स्वतःची चूक नोंदवली. दुपारी सगळ्यांना कळवलं: विचार करायला थांबणार असाल तर हात वर करा, आम्ही बोलणार नाही. परीक्षकांनाही सांगितलं, दहा सेकंद मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. दहा सेकंद फार लांब असतात, घड्याळ लावून बघा.

पास होण्याची रेघ कुठे ओढायची यावर २० मार्चला बैठक झाली. लेखीसाठी अँगॉफ पद्धत: 'कसाबसा पास होणारा' विद्यार्थी डोळ्यांसमोर आणायचा आणि प्रत्येक प्रश्न अशा शंभरातले किती जण सोडवतील ते सांगायचं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आपापला वेगळाच विद्यार्थी उभा राहतो, त्यामुळे दोन फेऱ्या घ्याव्या लागल्या. व्हिडिओसाठी परीक्षकाचं एकूण मत आणि मिळालेले गुण यांचा मेळ घालून रेघ काढली. ६ एप्रिलला निकाल. सात जण खाली राहिले. फेरतपासणीचे पाच अर्ज आले, रेकॉर्डिंग असल्यामुळे प्रत्येक अर्ज वीस मिनिटांत निकाली निघाला.

सात जणांना मी एकेकटं बोलावलं. प्रणालीत प्रत्येकाने कोणत्या टप्प्यावर किती वेळ घेतला, काय विचारलं, सगळं नोंदलेलं असतं. त्या बाळंतिणीच्या केसमध्ये एका मुलाने चाळीस सेकंदांत न्यूमोनिया ठरवला होता, आणि त्यानंतर विचारलेला प्रत्येक प्रश्न खोकल्याचा, कफाचा, तापाचा. सगळी उत्तरं 'नाही' आली तरी तो तिथेच. मी काही न बोलता ती यादी त्याच्यासमोर स्क्रीनवर ठेवली. त्याने ती वरून खाली वाचली, मग खालून वर.

"मॅडम, मी पायाबद्दल विचारलंच नाही?"

"नाही."

"पण मला डीव्हीटी येतं. मी तुम्हाला आत्ता सगळं सांगू शकतो."

सांगितलंही त्याने, न अडखळता. त्याची फेरपरीक्षा १२ मेला आहे. ती केस आता फुटली, म्हणून दम लागण्याचीच नवी लिहायला घेतलीय. या वेळी पेशंट पुरुष आहे, एक्स-रे स्वच्छ नाही, आणि दुसऱ्या टप्प्यावर मी स्वतःच दोन दिवस अडकून पडलेय.